फ्री केलं, मग पावती कुठाय?

क्लाउडचं बिल कालच्या मीटिंगमध्ये पडद्यावर आलं आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. शेजारी कुठला प्रोग्रॅम किती मेमरी धरून आहे ते दाखवणारी ‘टॉप’ कमांड उघडलेली. रात्रीचं काम पहाटेच आटोपलेलं, तरी माझा प्रोग्रॅम 6 जीबी मेमरी धरून बसलेला. "लीक आहे," साहेब म्हणाले. म्हणजे घेतलेली मेमरी परत करायची राहून गेली. नव्हतं हो! त्या कामासाठी घेतलेल्या मेमरीचा तुकडा न् तुकडा मी फ्री, म्हणजे परत, केला होता.

बिलासाठी खास बोलावलेले अकाउंट्सचे काका चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "परत केलं म्हणतोस, मग पावती दाखव."

"काका, मालॉक केलं, म्हणजे मेमरी मागितली, की तिचा पत्ता मिळतो. फ्री केलं की काही मिळत नाही."

"साधी पोचसुद्धा नाही?"

"नाही. व्हॉइड, म्हणजे उत्तरच नाही."

काकांनी डायरीत ‘पोच नाही’ लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

मग मी समजवायला गेलो. फ्री केलेला तुकडा लगेच लिनक्सकडे, म्हणजे मशीनच्या ऑपरेटिंग सिस्टिमकडे, जात नाही. जी-लिबसी नावाची मधली लायब्ररी तो पुन्हा लागेल म्हणून स्वतःकडे ठेवते. साधारण 128 केबीच्या वरचे तुकडे एमएमॅपने, म्हणजे थेट लिनक्सकडे मागून, वेगळे आणलेले, ते तडक परत जातात. (ही मर्यादा ती पुढे आपली आपणच वाढवते. काकांना सांगितलं नाही, डायरी उघडीच होती.) बारके तुकडे मात्र हीपमध्ये, म्हणजे मेमरीच्या एका सलग पट्ट्यात, आणि हीप आपणहून उतरते ती वरच्या टोकाकडूनच. टोकाला लॉगिंगवाल्या लायब्ररीचा 40 बाइटचा एक तुकडा राहिला, की खालचं सगळं रिकामं असून अडकलं.

काकांचे डोळे लकाकले. "म्हणजे आमची गिरगावची चाळ! सगळे सह्या करून मोकळे, आणि वरच्या मजल्यावरचा तो एक पागडीवाला..." पुढे बिल्डर, म्हाडा, संक्रमण शिबिर, पागडीवाल्याची मेहुणी. चहा येऊन निवला. मेमरी राहिली बाजूला.

माझा खरा राग कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर, आहे. मागताना हा सहसा नाही म्हणत नाही, असेल त्याहून जास्त मंजूर करतो आणि मेमरीचं खरं पान, म्हणजे 4 केबीचा ठोकळा, हात लावल्यावरच देतो. पानं संपली की ओओएम किलर, म्हणजे मेमरी सोडवायला प्रोग्रॅम मारणारा, सोडतो, आणि तो बहुधा जास्त धरून बसलेल्यालाच मारतो. मंजुरी देणाऱ्याला कोण विचारतंय?

शेवटी ठरलं की दर तासाला मालॉक_ट्रिम, म्हणजे रिकामी पानं लिनक्सला परत करायला लावणारं फंक्शन, चालवायचं. आकडा उतरतो, साहेब खूश. पुढच्या कामाला तीच मेमरी पुन्हा मागायची, कर्नलने पान न् पान शून्यांनी पुसून द्यायचं, तो वेळ कोणाच्या खात्यावर? आणि बिल तर अख्ख्या मशीनचं येतं, मेमरी भरलेली असो की रिकामी. हे मी मीटिंगमध्ये आवाज चढवून सांगितलं. मिनिट्समध्ये एकच ओळ आली: ‘लीक दुरुस्त.’