जर्मनीच्या त्या फॉरवर्डमधली वाक्यं अर्ध्यावरच का थांबतात

घरच्या, गावच्या आणि कॉलेजच्या जुन्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर बरेच दिवस एक मजकूर फिरतोय. शब्द इकडेतिकडे होतात, गाभा हाच: "जर्मनीत ४ लाख जागा रिकाम्या. महाराष्ट्र सरकारचा करार झालाय. भाषेची अट नाही, इंग्रजी चालतं. पगार महिना ४ लाख. शिक्षण फुकट, दवाखाना फुकट. नोकरी नसली तरी एक वर्षाचा व्हिसा. ३ वर्षांत पासपोर्ट, आईवडिलांनाही नेता येतं. जागा मर्यादित, खालच्या लिंकवर आजच फॉर्म भरा."

मी पुण्याहून येऊन बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये नोकरी करतो, म्हणजे करार ज्या राज्याशी झाला त्याच राज्यात. त्यामुळे हा मजकूर फिरूनफिरून माझ्याकडे येतो आणि खाली "खरं आहे का रे?" असं विचारलेलं असतं. हो किंवा नाही असं एका शब्दात सांगता येत नाही, कारण यात धडधडीत खोटं फार थोडं आहे. वाक्य खरं सुरू होतं आणि अट यायच्या आत संपतं. म्हणून एकेक वाक्य घेऊन त्याचा उरलेला अर्धा भाग लिहितो.

"४ लाख जागा रिकाम्या"

हा आकडा आला कुठून, ते आधी पाहू. ऑगस्ट २०२१ मध्ये जर्मनीच्या रोजगार संस्थेचे तेव्हाचे प्रमुख डेटलेफ शेले म्हणाले होते की, निवृत्त होणाऱ्यांची संख्या पाहता देशाला दरवर्षी सुमारे ४ लाख स्थलांतरित लागतील. तो गरजेचा अंदाज होता, आणि त्यात जगभरातून येणारी सगळी माणसं धरलेली होती. भारतीयांसाठी राखून ठेवलेल्या खुर्च्यांचा तो हिशोब नव्हे. भारतासाठी वेगळा आकडा आहे: ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीचे तेव्हाचे चान्सलर शोल्त्स दिल्लीत आले, तेव्हा भारतीय कुशल कामगारांना वर्षाला २० हजारांऐवजी ९० हजार व्हिसा देण्याची तयारी जाहीर झाली. तीही वरची मर्यादा. नोकरी ज्याची त्याने मिळवायची.

फॉरवर्डमध्ये जे अजिबात येत नाही ते असं: जर्मनीची अर्थव्यवस्था २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं आक्रसली. ऑगस्ट २०२५ मध्ये बेरोजगारांची संख्या दहा वर्षांत पहिल्यांदा ३० लाखांवर गेली. फोक्सवॅगनने २०३० पर्यंत ३५ हजार जागा कमी करायचं ठरवलंय. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या झेडएफने जर्मनीतल्या १४ हजारांपर्यंत जागांवर कात्री लावायचं जाहीर केलं, बॉशने सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी १३ हजार जागांचं सांगितलं. चाकणच्या पोरांना ही नावं सांगायला नकोत. म्हणजे गाडीच्या डिझाइनमध्ये पाच वर्षं काढलेल्या मेकॅनिकल इंजिनियरला आज इथे दार उघडं नाही, फार तर किलकिलं आहे. त्याच वेळी नर्स, इलेक्ट्रिशियन, हीटिंगचं काम करणारे आणि बसचालक मिळत नाहीत. टंचाई आणि कपात एकाच देशात एकाच वेळी चालू आहे. तुमचा धंदा कोणत्या बाजूला पडतो, हे पाहिल्याशिवाय त्या ४ लाखांना काही अर्थ नाही.

"महाराष्ट्र सरकारचा करार झालाय"

झालाय. फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी सामंजस्य करार झाला आणि पहिल्या टप्प्यात १० हजार कुशल मनुष्यबळ पाठवण्याची घोषणा झाली. पण करार झाला म्हणून व्हिसाचे नियम बदलत नाहीत. ते बर्लिनचं केंद्र सरकार ठरवतं, स्टुटगार्टचं राज्य सरकार नव्हे. आणि हाच दाखला देणारे एक गोष्ट सोयीने गाळतात: त्या योजनेतच जर्मन भाषेचं प्रशिक्षण ही एक पायरी आहे. भाषा लागत नसती तर सरकारने वर्ग कशाला काढायला घेतले असते?

"भाषेची अट नाही"

या वाक्यापायी माणसं खरोखर फसतात, म्हणून इथे जरा थांबतो.

सॉफ्टवेअरवाल्यांसाठी हे बरंचसं खरं आहे. बर्लिनच्या स्टार्टअपमध्ये किंवा मोठ्या कंपनीच्या आयटी विभागात मीटिंग इंग्रजीत होते, आणि ब्लू कार्डाला, म्हणजे चांगल्या पगाराच्या पदवीधरांना मिळणाऱ्या परमिटाला, जर्मनचं प्रमाणपत्र लागत नाही. इथे पूर्णवेळ नोकरी करणाऱ्या भारतीयांचा मध्यक (अर्ध्यांना वर, अर्ध्यांना खाली असा मधला) पगार जर्मन नागरिकांपेक्षा जास्त आहे, तो मुख्यतः या वर्गामुळे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हा एक गट पाहिला आणि त्याची अट सगळ्यांच्या कपाळी लावली.

नर्सचं उदाहरण घ्या. नर्सिंग हा इथे नियमनाखालचा व्यवसाय आहे, म्हणजे सरकारी मान्यतेशिवाय करता येत नाही. भारतातली पदवी जर्मन अभ्यासक्रमाशी ताडून पाहिली जाते, कमी पडलेल्या भागासाठी पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा असते, आणि साधारण बी-टू पातळीचं (ए-वन ते सी-टू या सहा पायऱ्यांतली चौथी; बी-वन तिसरी) जर्मन लागतं. ही मान्यता हातात येईपर्यंत मदतनीस म्हणून, कमी पगारावर काम करावं लागतं. आयसीयूत सात-आठ वर्षं काढलेल्या बाईला पहिलं वर्ष रुग्णांना आंघोळ घालण्यात जातं तेव्हा तिला काय वाटत असेल, ते कोणत्याही मजकुरात येत नाही. केरळमधल्या नर्स साठच्या दशकापासून जर्मनीत येतायत. तिथे आता भाषेचा वर्ग हा नर्सिंगनंतरचा पुढचा टप्पा मानूनच घरचं गणित मांडतात. आपल्याकडे ते अजून "तिकडे गेल्यावर शिकू" या सदरात आहे.

बारावीनंतरच्या आउसबिल्डुंगचं, म्हणजे कमवा-शिका पद्धतीच्या प्रशिक्षणाचंही तसंच. आठवड्यातले काही दिवस कारखान्यात, काही दिवस शाळेत. शाळा जर्मनमध्ये, परीक्षा जर्मनमध्ये, फोरमन जर्मनमध्ये ओरडणार, तेही श्वेबिश बोलीत, जी हॅनोव्हरच्या माणसालाही नीट कळत नाही. बी-वन नसेल तर हा मार्ग सुरूच होत नाही.

बी-टूपर्यंत पोचायला ६०० ते ८०० तासिका लागतात असा सर्वसाधारण अंदाज धरला जातो. नोकरी सांभाळून शिकायचं तर हे दीड-दोन वर्षांचं काम आहे. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे, खासगी वर्ग गल्लोगल्ली आहेत. जर्मन शिकायला महाराष्ट्राइतकी सोय भारतात फार कमी ठिकाणी असेल, आणि तरी भाषा टाळून जायच्या वाटा तिथलीच मंडळी शोधतात.

शिवाय ऑफिस इंग्रजीत असलं तरी गाव जर्मनमध्येच असतं. घरमालक, पाळणाघर, डॉक्टरांच्या रिसेप्शनवरची बाई, विमा कंपनीची पत्रं, रेसिडेन्स परमिट देणारं परदेशी नागरिकांचं कार्यालय, सगळं जर्मन. परमिट संपत आलंय, नवीन अपॉइंटमेंट मिळत नाही, हातात फक्त तात्पुरता कागद आणि त्याच आठवड्यात भारतात लग्न, ही अवस्था इथल्या बहुतेक मराठी घरांनी एकदा तरी अनुभवली आहे. फोन उचलणाऱ्याशी जर्मनमध्ये दोन वाक्यं बोलता आली तर काम होतं, नाहीतर ईमेलच्या उत्तराची वाट पाहत बसायचं. मंदी आली की इंग्रजीवर भागणाऱ्या जागा आधी आटतात, हेही अलीकडे आजूबाजूला पाहतोय.

"पगार महिना ४ लाख"

युरोला शंभराने गुणलं की ४,००० युरोचे ४ लाख होतात. पण तो कापाकापीच्या आधीचा आकडा. एकटा माणूस, पहिला करवर्ग: आयकर, पेन्शन, आरोग्य, बेकारी आणि शुश्रूषा विमा वजा जाता हातात २,६०० युरोच्या आसपास पडतात. लग्न झालेलं असून जोडीदार कमवत नसेल तर करवर्ग बदलून थोडे जास्त. स्टुटगार्ट किंवा म्युनिकमध्ये एका खोलीच्या घराला हीटिंग धरून ९०० ते १,१०० युरो सहज जातात. आधी घर मिळायला हवं. एका जागेला शेकड्याने अर्ज येतात, तीन महिन्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट मागितलं जातं, आणि पुष्कळ घरं स्वयंपाकाच्या ओट्याविनाच मिळतात. ओटा, शेगडी, कपाटं आपण घ्यायची. घरी टीव्ही असो-नसो, रेडिओ-टीव्ही शुल्क महिना १८.३६ युरो. भारतातलं लायसन्स पहिले सहाच महिने चालतं. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा देऊन नवीन काढायचं, त्यात दोन-तीन हजार युरो गेलेच म्हणून समजा.

हे सगळं धरूनही शिल्लक उरते, खोटं कशाला बोलू. वर्षाला २८-३० दिवस सुट्टी, आजारपणात सहा आठवडे पूर्ण पगार, मुलामागे सरकारी भत्ता, हे पैशात नीट मोजताही येत नाही. फक्त त्या ४ लाखांच्या भरवशावर गावाकडे दीड कोटीच्या फ्लॅटचं बुकिंग करू नये.

"शिक्षण फुकट, दवाखाना फुकट"

बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, हे खरं. अपवाद नेमका आपल्या कराराचा मित्र: बाडेन-वुर्टेम्बर्ग युरोपियन संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून दर सत्राला १,५०० युरो घेतं. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४-२५ पासून अशा विद्यार्थ्यांना सत्राला २,००० ते ६,००० युरो शुल्क लावलंय. ते वगळलं तरी व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो गोठवलेल्या खात्यात दाखवावे लागतात, म्हणजे बारा लाखांच्या घरात. आणि जे एजंट "फुकट शिक्षण" म्हणून गाठतात, ते बहुतेकदा भरपूर फी घेणाऱ्या खासगी कॉलेजांत प्रवेश करून देतात, कारण कमिशन तिथे मिळतं.

दवाखान्याचं म्हणाल तर वरच्या ४,००० युरोतून आरोग्य विम्याला साधारण ३४० कापले जातात, तेवढेच कंपनी भरते. त्या बदल्यात न कमावणारा जोडीदार आणि मुलं वेगळा हप्ता न भरता त्याच विम्यात येतात आणि मोठ्या ऑपरेशननंतर बिलाची धास्ती नसते. व्यवस्था चांगली आहे, पण तिला फुकट म्हणणं चूक. त्वचेच्या डॉक्टरची तारीख तीन महिन्यांनंतरची मिळते. ताप घेऊन गेलात तर "चहा प्या, विश्रांती घ्या" ऐकून परत याल. अँटिबायोटिक मागणाऱ्या आपल्या माणसांना याचा जो राग येतो, तो मात्र मला पटत नाही.

"नोकरी नसली तरी एक वर्षाचा व्हिसा"

याला संधी कार्ड म्हणतात, १ जून २०२४ पासून मिळतं. पदवी किंवा किमान दोन वर्षांचं मान्यताप्राप्त प्रशिक्षण हवं, वर सहा गुण जमवायचे. त्यात बी-टू जर्मनला तीन गुण आहेत आणि उत्तम इंग्रजीला एक, यावरून काय ते समजा. खर्चासाठी २०२५ च्या दराने महिना १,०९१ युरो दाखवायचे, वर्षाचे १३ हजारांवर. दरम्यान आठवड्याला वीस तासच काम करता येतं. वर्ष संपेपर्यंत नोकरी जमली नाही तर बहुधा परतीचं तिकीट.

"३ वर्षांत पासपोर्ट, आईवडिलांनाही नेता येतं"

तीन वर्षांची तरतूद जून २०२४ मध्ये आली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये रद्दही झाली. आता पाच वर्षं, बी-वन आणि नागरिकत्वाची परीक्षा. जर्मनी दुहेरी नागरिकत्व चालवून घेते, भारत घेत नाही. म्हणजे आपला पासपोर्ट परत करायचा आणि ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डावर, राहायचं. मग मतदान नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली राहते, पण शेजारचा तुकडा विकायला निघाला तर सातबारावर आपलं नाव लागणार नाही. शेती असलेल्या घरातल्या मुलाने हे आधी वडिलांशी बोलून घ्यावं.

आईवडिलांचं तर मन दुखावणारं आहे. १ मार्च २०२४ नंतर पहिल्यांदा कुशल कामगाराचं परमिट मिळालेल्यांना आईवडिलांना कायमचं आणता येतं, असं कायदा म्हणतो. अट अशी की त्यांचा पूर्ण आरोग्य विमा हवा. सरकारी विम्याच्या कुटुंब योजनेत आईवडील बसत नाहीत. पासष्टीच्या, मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या माणसाला खासगी कंपनी एकतर घेत नाही, किंवा हप्ता असा सांगते की अर्धा पगार त्यातच जावा. कागदावरचं दार प्रत्यक्षात बहुतेकांना बंद मिळतं. मग उरतो भेटीचा व्हिसा, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, आणि वडिलांना रात्री दोनला दवाखान्यात नेलं तर फोनवरून पैसे पाठवणारा मुलगा. इथल्या मराठी मंडळींच्या गप्पा दुसऱ्या चहानंतर याच विषयावर येतात, पगारावर नाही.

"जागा मर्यादित, आजच फॉर्म भरा"

असा कुठलाही सरकारी फॉर्म नाही, जो व्हॉट्सअॅपच्या लिंकवर भरून जर्मनीत नोकरी मिळते. दीर्घ मुदतीच्या व्हिसाचं शुल्क ७५ युरो आहे. कोणत्या कामाला काय लागतं ते 'मेक इट इन जर्मनी' या जर्मन सरकारच्या संकेतस्थळावर इंग्रजीत फुकट वाचता येतं, आणि आपलं विद्यापीठ मान्य आहे का हे 'अनाबिन' यादीत पाहता येतं. एजन्सीला तीन लाख द्यायचेच असतील तर आधी तीन गोष्टी लेखी मागा: जर्मनीतल्या मालकाचं नाव आणि पत्ता, करारपत्रातला कापाकापीआधीचा पगार, आणि पदवीची मान्यता रखडली तर पैसे परत मिळणार का. टाळाटाळ झाली तर त्या लिंकवर आधार कार्डाचा फोटोसुद्धा टाकू नका.