बोहेमियन म्हणजे 'मर्जीने भटकणारे' नव्हेत

भाचीच्या हळदीला 'बोहो' म्हणजे बोहेमियन फॅशनची थीम ठरली आणि त्याच संध्याकाळी घरच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड येऊन पडला. त्यात ठासून सांगितलंय की बोहेमियन फॅशन हा युरोपातल्या बोहेमिया प्रांताचा पारंपरिक पोशाख. तिथले जिप्सी घरदार झुगारून मर्जीने फिरणारे आनंदी लोक, म्हणून कपडे सैल नि रंगीत. आणि मुळात हे सगळं आपल्या बंजाऱ्यांचंच. भाची यातलं मधलं वाक्य आमंत्रणावर छापणार आहे, म्हणून लिहायला बसले.

बोहेमिया म्हणजे आजच्या चेक देशाचा पश्चिम भाग. तिथल्या लोकवेशाचा या फॅशनशी काडीचा संबंध नाही. फ्रान्समध्ये आलेले रोमा लोक, म्हणजे फॉरवर्डमधले जिप्सी, तिकडचे असावेत असा समज झाला, म्हणून फ्रेंच त्यांना 'बोहेमियाँ' म्हणू लागले. एवढंच.

'मर्जीने' हा शब्द वाचून मात्र डोकं फिरलं. पॅरिसच्या एका अनामिक रहिवाशाची पंधराव्या शतकातली रोजनिशी आजही वाचायला मिळते. 1427 च्या ऑगस्टमध्ये शंभरेक रोमा आले, तर त्यांना शहरात घेतलंच नाही, वेशीबाहेर ला शापेलला ठेवलं. बायकांच्या अंगावर काय होतं तेही त्याने लिहिलंय: एक जुनं जाडंभरडं घोंगडं, खांद्यावर दोरीने बांधलेलं, आणि आत साधा गरिबाचा सदरा. ना झालर, ना भरतकाम. कानात चांदीच्या बाळ्या होत्या, हे खरं. त्यांना भविष्य विचारायला हात दाखवणाऱ्यांना बिशपने बहिष्कृत केलं आणि सप्टेंबरच्या सुरुवातीलाच त्या लोकांना तिथून हलावं लागलं. पुढे 1682 मध्ये चौदाव्या लुईचा हुकूम निघाला: पुरुषांना जन्मभर जहाजांवर वल्ही मारायला धाडा, बायकांची डोकी भादरा. आजच्या रोमानियात तर 1850 च्या दशकापर्यंत रोमा गुलाम होते, त्यांची खरेदी-विक्री होई. कुठे टेकूच दिलं नाही, तर माणूस भटकणारच. आपल्याकडे 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्यांना सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये कुंपणाआड ठेवलं होतं. त्यांच्या नातवंडांसमोर 'मर्जीने फिरणारे आनंदी लोक' हे वाक्य मोठ्याने वाचायची कुणाची छाती आहे?

फॅशनला हे नाव मिळालं ते नंतर. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये भाडं द्यायची ऐपत नसलेले चित्रकार, लेखक जुनेपाने कपडे घालून राहत. लोक त्यांना 'बोहेमियन' म्हणू लागले. फ्रेंच लेखक आँरी म्युर्जेच्या कथांनी तो शब्द गाजवला, आणि 1896 मध्ये इटालियन संगीतकार पुचिनीचा त्या कथांवरचा ऑपेरा रंगमंचावर आला. मग हिप्पी आले, आणि 2004-05 च्या सुमारास लंडनच्या नट्या-मॉडेल्सनी त्याचं 'बोहो' केलं.

बंजाऱ्यांच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, ते मान्य करते. रोमांची भाषा भारतातूनच गेली; पाण्याला ते 'पानी' म्हणतात, कानाला 'कान'. पण त्यांचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी निघाले. आजच्या बोहो कपड्यांवरचं आरसेकाम त्यांनी नेलेलं नाही. ते साठ-सत्तरच्या दशकांत हिप्पींच्या पिशव्यांतून गेलं. गोव्यात हणजूणच्या बुधवारच्या बाजारात लमाण बायका अजूनही ते विकायला बसतात.

तर बाळा, थीम राहू दे, आरशांचा घागराही हौसेने घाल. आमंत्रण छापायला जायच्या आधी ते वाक्य तेवढं काढ.