दर हजारी आकडा आणि स्केगनेस

एका लेखात इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या स्केगनेसला 'धोकादायक गाव' ठरवलंय ते दर हजार लोकसंख्येमागच्या गुन्ह्यांवरून. गंमत अशी, की भागायला घेतात ती कायम राहणारी वस्ती, म्हणजे जेमतेम २० हजार. उन्हाळ्यात लिंकनशायरच्या या किनाऱ्यावर जी जत्रा लोटते, तिच्यातल्या मारामाऱ्या आणि चोरीला गेलेल्या पर्स मात्र गावाच्या नावावर. आकडा फुगणारच.

तिथल्या पोलिसांच्या साइटवरचा गुन्ह्यांचा नकाशाही जपून वाचावा. ठिपका गुन्ह्याच्या नेमक्या जागी नसतो. कुणाचं घर ओळखू येऊ नये म्हणून जवळच्या ठरावीक बिंदूवर सरकवलेला असतो. 'सुपरमार्केटमध्ये किंवा जवळपास' एवढंच दिसतं. शिवाय 'हिंसा व लैंगिक गुन्हे' या एकाच रकान्यात पाठलाग, छळ हेसुद्धा येतं, जिथे कुणाला बोटही लागलेलं नसतं (म्हणून ते क्षुल्लक, असं नव्हे).

खरी डोकेदुखी दुकानातल्या चोऱ्यांची. २०१४ च्या कायद्याने २०० पौंडांपर्यंतची चोरी किरकोळ वर्गात टाकली, तेव्हापासून दुकानदार म्हणतात, कळवून उपयोग काय? आमच्या छोट्या गावात चीज नि मटणाच्या पाकिटांनाही अलार्मचे टॅग लागलेत. आणि तक्रारच नाही म्हटल्यावर नकाशावर ती गल्ली चकाचक!

कुणी अशा गावात घर बघत असेल तर शुक्रवारी रात्री पब सुटायच्या वेळी हाय स्ट्रीटवरून (मुख्य बाजाररस्त्यावरून) एक चक्कर मारावी. आणि तातडीचं नसेल तर पोलिसांना फोन १०१ ला, ९९९ ला नाही.