गुडघ्यापर्यंत खोबरेल तेल लावून डेंग्यू टळत नाही

पावसाळा लागला की एक मेसेज दरवर्षी नव्याने फिरू लागतो. मजकूर थोडक्यात असा: ‘डेंग्यूचा डास गुडघ्याच्या वर उडू शकत नाही, म्हणून पायांना गुडघ्यापर्यंत खोबरेल तेल लावा. हा डास गटारात होतो. डेंग्यू झालाच तर पपईच्या पानांचा रस द्या. ताप गेला, प्लेटलेट वाढल्या की रोगी बरा.’ पाठवणारा आपुलकीनेच पाठवतो. पण हा मेसेज मानला, तर धोका एकीकडे आणि आपली नजर दुसरीकडे अशी गत होते.

‘गुडघ्याच्या वर उडत नाही.’ डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास घोट्याजवळ, पोटऱ्यांवर बऱ्याचदा चावतो, एवढे खरे. पण तो हातांना आणि मानेलाही चावतो, आणि उंच इमारतींच्या गच्चीवरल्या टाक्यांतही त्याच्या अळ्या सापडतात. खोबरेल तेलावर भरवसा ठेवता येत नाही. अंगभर कपडे घाला आणि उघड्या त्वचेला २० ते ३० टक्के डीट (डासांना दूर ठेवणारे रसायन) असलेले मलम लावा. लहान मुलांसाठी मात्र डॉक्टरांना विचारूनच. हा डास दिवसा चावतो, जास्त करून सकाळी आणि सूर्यास्ताआधी. त्यामुळे फक्त रात्री कॉइल लावून भागत नाही.

‘गटारात होतो.’ सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होते, कारण मग घरातल्या पिंपाकडे कुणी बघतच नाही. एडिसला घरातले साठवणीचे पाणी चालते: पिंप, रांजण, हौद, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, गच्चीवरचा टायर. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येते त्या गावांत पिंपे भरून ठेवण्याला इलाज नसतो, आणि डासाची तिथेच सोय होते.

आता पिंपात टॉर्च मारून पाहा. मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओल्या भिंतीला ती चिकटवते. खसखशीहूनही बारीक, काळे ठिपके दिसतात. नुसते पाणी ओतून दिले तर अंडी भिंतीलाच राहतात, कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी चढले की फुटतात. ‘आम्ही दर आठवड्याला पिंप रिकामे करतो, तरी अळ्या होतात’ या तक्रारीचे कारण हेच. अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडे रिकामे करून आतली भिंत काथ्याने खसखसून घासायची, धुतलेले पाणी ओतून द्यायचे आणि मगच भरायचे. झाकण घट्ट बसत नसेल तर कापड ताणून सुतळीने बांधा. ते सैल पडून पाण्याला टेकले, तर मादी त्या ओल्या कापडावरही अंडी घालू शकते. रिकामा करता येत नाही अशा हौदात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा. धूरफवारणीने उडते डास मरतात. पिंपातल्या अळ्यांना काही होत नाही.

‘पपईचा रस द्या, प्लेटलेट वाढल्या की बरा.’ काही लहान अभ्यासांत या रसाने प्लेटलेट थोड्या लवकर वाढल्याचे दिसले आहे. त्याने जीव वाचतो हे मात्र सिद्ध झालेले नाही, आणि कडू रसाने उलट्या वाढल्या तर शरीरातले पाणी आणखी कमी होते. गंभीर डेंग्यूत मुख्य धोका असतो तो रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरण्याचा. रक्त घट्ट होते, रक्तदाब कोसळतो. म्हणून रिपोर्टवर प्लेटलेटचा आकडा बघताना पीसीव्हीही, म्हणजे रक्तात तांबड्या पेशी किती टक्के आहेत तेही, बघा. आधी ४० असलेला पीसीव्ही ४८ झाला, म्हणजे २० टक्क्यांनी चढला, तर द्रव पाझरतो आहे. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट १०,००० च्या वर असताना सहसा त्या चढवण्याची गरज नसते.

‘ताप गेला की बरा’ हे तर सरळ धोक्याचे. हा पाझर बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरतानाच सुरू होतो. पोटात सतत जोराचे दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणे, ग्लानी, सहा तास लघवी न होणे, यातले एक जरी दिसले तरी त्याच घटकेला रुग्णालय गाठा. तोवर ओआरएस, पेज, ताक, नारळपाणी थोडे थोडे देत राहा. तापाला फक्त पॅरासिटामॉल: मोठ्या माणसाला ५०० मि.ग्रॅ., दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तास. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक देऊ नका; त्यांनी रक्तस्राव वाढतो.

आणि मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत रोग्याच्या रक्तात विषाणू भरपूर असतो. त्याला चावलेला डास साधारण ८ ते १२ दिवसांनी घरातल्या इतरांना लागण करू शकतो. म्हणून रोग्याला भरदिवसाही मच्छरदाणीतच झोपवा.