अहो, ऐकलं का?

आवडलेली वस्तू एकट्याने संपवणं आमच्या खान्देशात बसत नाही. भरीत केलं की एक वाटी शेजारी जाते. केळीच्या वेफर्सची पिशवी फोडली की बसमधल्या अनोळखी बाईच्या पोरापुढेही धरली जाते. त्याच सवयीने मी लोकांना पॉडकास्ट, म्हणजे मोबाइलवर ऐकायचे गप्पांचे-गोष्टींचे कार्यक्रम, सुचवायला लागले आणि तिथे सगळं बिनसलं. भरिताला माणूस "अजून वाढा" म्हणतो. "तो पॉडकास्ट ऐकला का?" म्हटलं की मी उसने पैसे परत मागितल्यासारखा मान खाली घालून मोबाइलमध्ये बघायला लागतो.

लोकांचंही खरंच आहे. व्हॉट्सअॅपवर आलेला विनोद न वाचताही हसण्याची बाहुली टाकता येते. पाऊण तासाच्या पॉडकास्टला पाऊण तास गप्प बसावं लागतं, आणि आमच्या जळगावात पाऊण तास गप्प बसलेल्या माणसाला लोक बरं नाही का विचारायला येतात.

पहिला विरोध घरातूनच झाला. सकाळी भाकरी थापताना मी कानात इअरफोन घालते. कळण्याची भाकरी फार मन लावून थापावी लागते असं सासूबाई सांगतात. मला तर वाटतं, हाताला सवय झाली की मन मोकळंच असतं, ते कुठेही पाठवावं. मी ते 'इन अवर टाइम'कडे पाठवते. बीबीसी रेडिओ फोरवर मेल्विन ब्रॅग यांनी हा कार्यक्रम १९९८मध्ये सुरू केला आणि २०२५पर्यंत चालवला. एक विषय, तीन प्राध्यापक आणि प्रश्न विचारणारे ब्रॅग. आज भगवद्गीता, उद्या सम्राट अशोक, परवा कृष्णविवर. सासूबाईंची तक्रार अशी, की "मी दहा हाका मारते त्या हिला ऐकू येत नाहीत आणि त्या गोऱ्या म्हाताऱ्याचं सगळं ऐकू येतं!"

त्या म्हाताऱ्यावर माझा जीव आहे तो वेगळ्याच कारणासाठी. पाहुणा प्राध्यापक लांबण लावायला लागला, की ब्रॅग त्याला भर वाक्यात तोडून मुद्द्यावर आणतात. मोठा विद्वान असला तरी मुलाहिजा नाही. आमच्याकडच्या लग्नांत असा एक माणूस पगारी ठेवायला हवा. नवरा-नवरी हार घेऊन ताटकळलेली, वऱ्हाड घामाने निथळतंय, पंगतीच्या वरण-बट्टीचा वास मांडवात फिरतोय आणि माइकवाला अजून माजी सभापतींचा शब्दसुमनांनी सत्कार करतोय. "थँक यू, आता मंगलाष्टकं" एवढंच म्हणणारा कुणीतरी हवा.

सासूबाईंचं मन वळवायला मी मराठीचा रस्ता धरला. 'अमुक तमुक' लावून दिलं. त्यात डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ वगैरे मंडळी येऊन सोप्या मराठीत, घाई न करता बोलतात. न्यूज चॅनेलवरच्या चर्चांना सरावलेल्या सासूबाईंनी थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, "हे भांडायला कधी लागतात?" भांडत नाहीत म्हटल्यावर त्यांची निराशा झाली, पण ऐकत राहिल्या. त्या ऐकतात म्हणजे उत्तरं देत देत ऐकतात. तज्ज्ञ म्हणतात, झोप महत्त्वाची. सासूबाई म्हणतात, "ते आमच्या सुनेला सांगा." पुढे त्यांनी कुठल्याशा भागातून 'बाउंड्री', म्हणजे इतरांनी ओलांडू नये अशी आपली मर्यादा, हा शब्द उचलला आणि कॉलनीत वाटायला घेतला. समोरच्या काकूंना बाउंड्री नाही, दूधवाल्याला बाउंड्री राहिलेली नाही, नणंदेच्या सासरी तर बाउंड्री कुणी पाहिलेलीच नाही. एका रात्री जेवण झाल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "आजपासून रात्रीची भांडी ही माझी बाउंड्री आहे." ऐकणाऱ्याच्या आयुष्यात बदल घडवतो तो चांगला पॉडकास्ट, असं म्हणतात. बदल माझ्या आयुष्यात घडला.

चुलत दिराचा एमआयडीसीत केळी वेफर्सचा कारखाना आहे. इंग्रजी ऐकायला त्याला वेळ नाही, म्हणून रोमन मार्सच्या 'नाइन्टी नाइन पर्सेंट इनव्हिजिबल'मधली एक गोष्ट मीच त्याला जेवताना सांगितली. २०१०पासून चालू असलेला हा पॉडकास्ट आपल्या डोळ्यांसमोर असून न दिसणाऱ्या रचनेबद्दल बोलतो. गोष्ट न्यूयॉर्कच्या सिटीकॉर्प इमारतीची. ५९ मजले, आणि जागेच्या कोपऱ्यात चर्च असल्यामुळे खालचे उंच खांब चार कोपऱ्यांत न देता चार बाजूंच्या मध्यावर दिलेले. इमारत १९७७मध्ये पूर्ण झाली. पुढच्या वर्षी एका विद्यार्थिनीने अभ्यासासाठी प्रश्न विचारला, की वारा कोपऱ्यावर तिरका आदळला तर? हिशेब पुन्हा मांडला तेव्हा इंजिनिअरला घाम फुटला, कारण सांधे वेल्डिंग न करता बोल्टने जोडलेले होते. मग ऑफिसं सुटल्यावर, रात्री रात्री, गुपचूप वेल्डिंग करून इमारत सावरली. नेमका तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रांचा संप होता, म्हणून बोभाटा झाला नाही. लोकांना सगळं कळायला १९९५ उजाडलं.

दिराचा घास हातातच राहिला. "वहिनी, आपल्या नव्या शेडला बोल्ट आहेत का वेल्डिंग?"

मला काय माहीत! पण रावेर-यावलकडे पावसाच्या तोंडावर वादळ आलं की केळीच्या बागा आडव्या होतात आणि पत्रे उडून कुणाच्या शेतात सापडतात, हे त्याला चांगलं माहीत होतं. तो ताटावरून उठला तो थेट शेडमध्ये. सगळे सांधे पुन्हा तपासून घेतले. तेव्हापासून फॅब्रिकेशनवाला मला रस्त्यात बघून गाडी दुसऱ्या गल्लीत घालतो.

खरा कस लागला तो मामांबरोबरच्या प्रवासात. जळगावहून धुळ्याला लग्नाला निघालो होतो. नवरा गाडी चालवत होता, पारोळ्याचे माझे मामा पुढे बसलेले. बंद गाडीत माणूस कुठे जाणार, या विचाराने मी अमित वर्मांचा 'द सीन अँड द अनसीन' लावला. २०१७पासूनचा हा पॉडकास्ट म्हणजे ऐसपैस मुलाखतींचं आगर. एकेक भाग चार-पाच तास सहज जातो, काही त्याहून मोठे. वर्मा पाहुण्याला त्याच्या बालपणापासून बोलतं करतात, घाई करत नाहीत. पाळधी गेलं. एरंडोल आलं. पाहुण्याचं बालपण संपेना.

"हाऊ गडी अजून शाळामाच शे का?" मामा त्यांच्या अहिराणीत म्हणाले. "इतला येळमा मी तुले तीन पिढ्या सांगी देसू."

आणि लागले की सांगायला! पॉडकास्ट चालूच, वर मामा. मी अखेर वर्मांना थांबवलं. मामा बोलता बोलता १९७२च्या दुष्काळात शिरले. तेव्हा ते शाळकरी होते, शाळा बुडवून आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. तिथे सुकडी, म्हणजे कोरडं पौष्टिक खाणं, मिळायची, ती धाकट्या भावाला म्हणून खिशात लपवून आणायची. खिशाला तिचा वास राहायचा, म्हणून वर्गात पोरं हुंगायची. लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, भाकरी कशी घशात अडकायची, हे त्यांनी हाताने गळा धरून दाखवलं. इतकी वर्षं मी त्यांच्याकडे सुट्टीला जाते, आखाजीला झोके घेतले, आमरस ओरपला, पण यातलं काही कधी कानावर पडलं नव्हतं. नवऱ्याचंही लक्ष तिकडेच, त्यामुळे आमचं वळण चुकलं आणि लग्न लागल्यावर पोचलो. सत्कार चुकले, ते बरंच झालं.

येताना मामांनीच फर्माईश केली. "खून-बिन नही का यामा?"

होता ना. 'सीरियल'. सारा कोनिग या पत्रकार बाईने २०१४मध्ये १२ भागांत सांगितलेली हकीकत. १९९९मध्ये बाल्टिमोरजवळ एका शाळकरी मुलीचा खून झाला. तिच्या आधीच्या मित्राला, अदनान सईदला, जन्मठेप झाली. खून झाला तेव्हा तो १७ वर्षांचा होता. पुरावा म्हणजे एका ओळखीच्या मुलाची साक्ष आणि मोबाइल टॉवरच्या नोंदी. कोनिगबाई नोंदी काढतात, रस्ते मोजतात, तुरुंगातल्या अदनानशी फोनवर बोलतात, एकदा त्याच्यावर विश्वास ठेवतात आणि पुढच्या भागात स्वतःच्याच विश्वासावर शंका घेतात. ती शंका लपवत नाहीत, म्हणून मला त्या आवडतात. हे मी मराठीत सांगायचं, आणि मामांनी दर दोन वाक्यांनी "मंग? काय व्हयनं?" म्हणायचं. पारोळा आलं तरी संपलं नाही. उरलेलं त्यांच्या ओट्यावर सांगावं लागलं, तिथे त्यांचे दोस्त जमले होते.

एका मुलीचा जीव गेलाय, हे ओट्याने पहिल्यांदा समजून घेतलं. कुणी फाजील बोललं नाही. पण तपास मात्र स्वतःच्या हाती घेतला. शाळा सुटल्यापासून २१ मिनिटांत सगळं घडलं असं सरकारी पक्षाचं म्हणणं होतं, हे ऐकताच निवृत्त एसटी ड्रायव्हर सरसावून बसले. "रस्त्यात सिग्नल किती? शाळा सुटताना बसा लागल्या असतील का नाही?" बसेस लागल्या होत्या, आणि कोनिगबाईंनीसुद्धा तो रस्ता गाडी चालवून पाहिला होता, म्हटल्यावर ड्रायव्हरसाहेबांनी बाईंना पास केलं. माजी तलाठ्यांना पंचनाम्यावर सह्या कुणाच्या ते हवं होतं. मामांचा निकाल तयार होता. "पोऱ्या निर्दोष शे." तलाठी म्हणाले, एवढं सोपं नसतं.

पुढची कोर्टाची हकीकत सांगताना मलाच धाप लागली. २०२२मध्ये शिक्षा रद्द होऊन तो सुटला, २०२३मध्ये वरच्या कोर्टाने दोष परत कायम केला, आणि २०२५मध्ये दुसऱ्या एका न्यायाधीशांनी भोगली तेवढी शिक्षा पुरे म्हणून त्याला बाहेरच ठेवलं.

"म्हंजे गुन्हा कायम शे आन् पोऱ्या घरमा शे?" मामांनी विचारलं.

"हो."

ओट्यावर दोन तट पडले ते आजही मिटलेले नाहीत. मी फोन केला की पलीकडून आधी केसचं काय झालं ते विचारतात, मग माझी तब्येत. मूळ पॉडकास्ट मात्र त्यांतल्या एकानेही ऐकलेला नाही. ऐकायचा काय, तू सांगतेस ना, असं वरून मलाच ऐकवतात.

परवा मामांचा स्वतःहून फोन आला. आवाज दबका. भाऊबंदकीतला त्यांचा बांधाचा दावा किती वर्षं चाललाय, हे आमच्या घरात कुणी मोजत नाही.

"माय, त्या बाईले सांग, आमनी बी एक केस शे म्हनीसन. पन बारा भागमा मावाव नही."

सातबाऱ्याच्या झेरॉक्स काढून ठेवल्यात. पत्ता तेवढा मी कळवायचा आहे.