रेडिएटर बदलण्याआधी पाण्याचं तापमान बघा

कोल्हापुरातल्या गेमिंग पीसीवाल्या पोरांत सध्या एक मेसेज फिरतोय : "कस्टम वॉटर कूलिंग करूनही प्रोसेसर 95 अंशांवर जातोय म्हणजे रेडिएटर कमी पडतोय, मोठा टाका. पंप हळू ठेवा, पाण्याला निवायला वेळ मिळतो. 95 वर चिप जळतेच. पाणी फिल्टरचं चालतं." राजारामपुरीतल्या एका पोरानं यावर विसंबून, वडिलांकडून पैसे मागून दुसरा 360 मिलिमीटरचा रेडिएटर घातला. तापमान तसूभरही उतरलं नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं, म्हणून हे लिहितोय.

वॉटर कूलिंगमध्ये पंप पाणी फिरवतो : प्रोसेसरवर बसवलेल्या धातूच्या ब्लॉकमध्ये ते उष्णता घेतं, रेडिएटरमध्ये सोडतं. आधी रेडिएटर. त्याचं काम पाण्यातली उष्णता हवेत टाकायचं. तो कमी पडला तर पाणी तापलेलं दिसायला हवं. दुसरा रेडिएटर घालायच्या आधीचे या पोराचे आकडे असे : खोली 31 अंश, पाणी 37, प्रोसेसर 96. पाणी खोलीपेक्षा सहाच अंश वर, म्हणजे रेडिएटर चोख चाललाय. उष्णता अडलीय ती चिप आणि पाण्याच्या मधे. शिवाय लोड, म्हणजे जड काम, देताच दोन सेकंदांत प्रोसेसरचा पारा नव्वदीपार जायचा. एवढ्यात सगळं पाणी तापूच शकत नाही. रेडिएटर कमी पडला की तापमान वीसेक मिनिटं हळूहळू चढत राहतं.

आम्ही ब्लॉक उतरवला. चिपची उष्णता ब्लॉकला पोचवणारी पेस्ट मधे असते; ती एका कडेला दाबून पातळ झालेली, समोरच्या कडेला जाड थर तसाच. एका बाजूचे स्क्रू पुरते आवळून मग दुसरी बाजू घेतली होती. इंजिनाचं हेड बसवणाऱ्या उद्यमनगरच्या मिस्त्रीला विचारा, तो समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळत जातो. तसंच केलं, पेस्ट नवी लावली. प्रोसेसर 81 वर आला. यानंही उतरला नसता तर ब्लॉकचे इन-आउट उलटे जोडलेत का ते पाहिलं असतं, आणि ब्लॉक खोलून आतल्या बारीक पात्यांत नळीतून सुटलेला पांढरट चिकटा बसलाय का तेही.

आता पंप. पाणी सावकाश गेलं की रेडिएटरमध्ये जास्त वेळ राहतं हे खरं, पण ब्लॉकमध्येही तेवढाच जास्त वेळ तापतं. 200 वॉटच्या उष्णतेनं, मिनिटाला 4 लिटर वाहणारं पाणी ब्लॉकमधून जाताना पाऊण अंशही तापत नाही. 1 लिटर वाहिलं तर जवळपास तीन अंश तापतं. हळू पंपानं प्रोसेसर जास्त गार होणार नाही. आवाजासाठी थोडा कमी करा, हरकत नाही.

95 वर चिप जळत नाही. 2022 साली रायझन 7000 आले तेव्हा एएमडीनंच सांगितलं की पूर्ण लोडवर 95 अंश हे ठरवूनच ठेवलंय. इंटेलच्या 14900के ची मर्यादा 100 आहे. मर्यादेला टेकला की प्रोसेसर आपोआप वेग कमी करतो. मात्र नुसता ब्राउझर उघडून 90 दिसत असेल तर लगेच शोध घ्या.

फिल्टरचं पाणी नकोच, त्यात क्षार उरतात. डिस्टिल्ड पाण्यात शेवाळरोधक घाला किंवा तयार कूलंट घ्या. तांब्याच्या ब्लॉकसोबत ॲल्युमिनियमचा रेडिएटर कधीच नको, गंजतो.

मेसेजमधली मोठ्या रेडिएटरची गोष्ट खरी ठरते ती एका वेळी : एप्रिलची दुपार, काचेनं बंद कॅबिनेट, आणि पाणी खोलीपेक्षा पंधरा-वीस अंश वर. तेव्हासुद्धा आधी काच काढून चालवून बघा, पंख्यांची आणि रेडिएटरची धूळ झाडा. एवढं करूनही पाणी उतरलं नाही, तरच रेडिएटरला पैसे घाला.