भिंतीवरचा हत्ती

भिंतीवर चित्र काढायचं म्हटलं की लोकांना वाटतं, हातात ब्रश, डोक्यात कल्पना आणि अंगात मस्ती. प्रत्यक्षात सुरुवातीला हातात तारेचा ब्रश असतो आणि नाकात आधीच्या रंगाचे पोपडे. ते खरवडायचे, ओल आलेल्या जागेवरचा पांढरा खार झाडायचा, भेगा बुजवायच्या, भिंत धुवायची, वाळू द्यायची आणि मग प्राइमर, म्हणजे रंगाखालचा पांढरा थर. गिलावा नवा असेल तर आधी चारेक आठवडे भिंतीकडे नुसतं बघत बसायचं, कारण ताज्या सिमेंटमधला अल्कली वरचा रंग खाऊन टाकतो. सुदैवाने माझी भिंत जुनी होती.

प्राइमर लावून झाला आणि एक गृहस्थ थांबले. कोऱ्या पांढऱ्या भिंतीकडे बराच वेळ बघून म्हणाले, "वा! छान झालं हो." एवढी निर्भेळ दाद त्या भिंतीला पुन्हा मिळाली नाही.

मग सुताला खडू फासून चौकटी पाडल्या. कागदावरचा एक इंच म्हणजे भिंतीवरचा एक फूट. हिशोब सोपा, पण परांचीवर उभं राहिलं की भिंत नाकापासून हातभर लांब. सकाळभर जे रंगवतोय तो हत्तीचा गाल आहे की गुडघा, हे चौकटीचा नंबर बघूनच कळतं. डोळ्याभोवतीच्या सुरकुत्या मी बारीक ब्रशने, श्वास रोखून काढल्या. खाली उतरलो, रस्ता ओलांडला, वळून पाहिलं. सुरकुत्या दिसतच नव्हत्या. हत्ती मात्र माझ्याकडे संशयाने बघत होता. पुन्हा वर.

त्यात ऊन. तापलेल्या भिंतीवर रंग ब्रशखालीच सुकतो आणि प्रत्येक जोड दिसतो. शिवाय अ‍ॅक्रिलिक ओलं असताना दुधाळ, फिकट दिसतं आणि वाळलं की गडद होतं. काल वाळलेल्या राखाडीशी आजचा ओला राखाडी तंतोतंत जुळवला, तर उद्या हत्तीला ठिगळ लागलेलं असतं.

मायकेलअँजेलोने व्हॅटिकनमधल्या सिस्टाइन चॅपेलचं छत 1508 ते 1512 या काळात रंगवलं, मान वर करकरून, आणि त्या हालांवर कविताही लिहिली. मला त्याच्याबद्दल पूर्ण सहानुभूती आहे. पण तो आत होता! ऊन नाही, पाऊस नाही, आणि "कधी होणार?" विचारायला फारतर एक पोप. मला येणारा-जाणारा प्रत्येकजण पोप होता.

"ढग का हो?"

"डोंगर असेल."

"काका, डायनासोरला शेपूट तोंडाला का आहे?"

एकांनी सुचवलं, हत्तीपेक्षा मोर काढा. तोवर हत्तीचे चारही पाय झाले होते.

शेवटचा संरक्षक थर द्यायचा बाकी असताना एक प्लंबर शिडी घेऊन आला. गच्चीचं पावसाचं पाणी खाली आणायला पाइप टाकायचा होता. त्याने कपाळावर खुणेची रेघ मारली, थेट डोळ्यांच्या मधून. मी परांचीवरूनच ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, "मग सोंडेवरून घेऊ?"

घेतला. मी पाइपला राखाडी रंग दिला, वर दोन सुरकुत्याही काढल्या. पहिल्याच पावसात सोंडेतून धो धो पाणी पडलं आणि छत्र्या घेऊन माणसं बघत थांबली. प्राइमरवाले गृहस्थही होते.

"वा! ही कल्पना कुणाची?"

प्लंबर त्या वेळी तिथे नव्हता, त्यामुळे मी नुसतं हसलो.